तिसऱ्या गाडीचा आवाज

तिसऱ्या गाडीचा व्हिडिओ रामकिसनने चौथ्यांदा लावला, तेव्हा परातीतल्या पिठावरून नजर न उचलता गीताबाई म्हणाली, "हिच्यात काय वाजतंय वो?"

"कशात?"

"आता लावली त्या गाडीत. टिकटिक, टिकटिक. घड्याळावानी."

रामकिसनने फोन कानाशी नेला. राखाडी रंगाची उंच गाडी, बोनट उघडं, मागे पांढरं पडलेलं अंगण आणि इंजिनाची भरदार, एकसुरी घरघर. घरघर त्याला स्वच्छ ऐकू येत होती. पण तिच्या वर, खाली, आत, कुठेच टिकटिक नव्हती. त्याने आवाज शेवटपर्यंत वाढवला. घरघर मोठी झाली, एवढंच. त्याने फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला, मग परत उजव्यावर. "तिथलं वारं असंल," तो म्हणाला. "वारं कुठं टिकटिक करत असतंय का," असं गीताबाई म्हणाली खरी, पण तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विषय सोडून दिला. पीठ काय म्हणतं ते तिने बघायचं आणि गाडी काय म्हणते ते त्याने, अशी या घरातली वाटणी चाळीस वर्षांची होती. तिने आज पहिल्यांदाच त्याच्या वाट्यात हात घातला होता, तोही नकळत. रामकिसन भाकरी न खाताच उठला. भूक नाही म्हणाला. ते मात्र खरं होतं.

बाहेर ओट्यावर बसून त्याने रामेश्वरचा निरोप पुन्हा लावला. रामेश्वर त्यांचा एकुलता एक मुलगा. दीड वर्षापूर्वी तो बायकोला घेऊन कॅनडात गेला, रिजायना नावाच्या गावी, आणि तिथे एका गोदामात लागला. गेवराईत ते नाव कुणालाच धड घेता येत नसे. रामकिसन नुसतं 'तिकडं' म्हणायचा आणि हात उत्तरेकडे करायचा. तिकडे थंडीत गाड्यांना घरातून वायर लावून ठेवतात, म्हणजे इंजिन गोठत नाही, हे ऐकल्यापासून गीताबाईला ते गावच खोटं वाटू लागलं होतं. सून रोहिणी आठव्या महिन्यात होती. बर्फ पडलं की बस वेळेवर येत नाही, दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून गाडी हवी होती. नवी परवडणार नव्हती. जुनी, पण उंच, बर्फातून निघणारी, मागे लेकराची खुर्ची बसेल अशी. महिनाभर शोधून रामेश्वरने तीन निवडल्या होत्या. पहिली लाल, दिसायला धडधाकट, पण बेसुमार चाललेली. दुसरी पांढरी, लहानखुरी, खालून गंज धरलेली. रस्त्यावरचं बर्फ वितळायला तिकडे मीठ टाकतात म्हणे, आणि ते मीठ गाडीला खालून खातं. आणि तिसरी ही राखाडी, कमी चाललेली, चारही चाकांना जोर असलेली, आतून नव्या नवरीसारखी, आणि तरी त्याच्या आवाक्यातली. "नाना," निरोपात रामेश्वर म्हणत होता, "तिसरी माझ्या मनात भरली हाय. तपासून द्यायला इथल्या गॅरेजवाल्याकडं चार दिवस नंबर न्हाई, अन मालक उद्या सकाळच्या पुढं थांबत न्हाई. तुमी सांगितलं तसं केलंय, इंजिन पार थंड असताना चालू केलंय, फोन जवळ धरलाय. तुमी ऐका. तुमी हो म्हनलात की घेतो. दुसऱ्या कुनाला विचारत न्हाई. आमची सकाळ झाली की फोन करतो." त्याची सकाळ म्हणजे इथली दिवेलागण. आत्ता इथे सकाळचे नऊ वाजले होते.

दुसऱ्या कुणाला विचारत नाही. हे वाक्य रामकिसनने गाडीच्या आवाजापेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. सकाळी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छाती भरून आली होती. आता तेच वाक्य छातीवर बसलं होतं. पस्तीस वर्षं त्याने गेवराई ते तलवाडा काळी-पिवळी जीप चालवली. आत बसलेली माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या गाडीवरून नव्हे, कानावरून. जुनी जीप घ्यायची तर रामकिसनला न्या, पार सिरसाळ्याकडची माणसंसुद्धा असं म्हणत. मुलगी बघायला जाताना जाणता माणूस नेतात, तसे त्याला नेत. तो लांब पेचकस घेऊन जायचा. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. भोवती घेणारा, विकणारा, दोघांचे भाऊबंद, सगळे श्वास धरून उभे. मग तो डोळे उघडून सांगायचा, इंजिनाच्या तिसऱ्या नळ्यात खोट हाय. किंवा, आतली चेन सैल पडली, वर्षाच्या आत तुटंल. विकणाऱ्याचं तोंड उतरायचं. तो पेचकस अजून घरात होता, देवळीत. त्याने तो मघाशी एकदा हातात घेऊन परत ठेवला होता. फोनला पेचकस लावून काय ऐकणार?

तो रस्त्याला लागला. पायाला सवय स्टँडची, म्हणून पाय तिकडे निघाले. बायपास झाल्यापासून महामार्गाची रहदारी गावाबाहेरूनच सुसाट जाते आणि जुन्या स्टँडवर आता दोन-तीन गाड्या कशाबशा उभ्या असतात. वाळूचा एक हायवा ट्रक धुरळा उडवत गेला. त्याचा आवाज पोटात जाणवला. म्हणजे ऐकू येतंय की, रामकिसनने स्वतःला सांगितलं. भाजीवाल्याची हाक ऐकू आली. मशिदीशेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू आला. चौकात कुणीतरी कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार करत होतं, तोही शब्दन्‌शब्द कळला. सगळं तर येतंय. मग त्याने मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. सासऱ्याने लग्नात दिलेलं, चावीचं घड्याळ. सेकंदाचा काटा पुढे सरकत होता. त्याला कानात फक्त स्वतःचं रक्त वाहत असल्यासारखं वाटलं. घड्याळ मुकं. हे घड्याळ शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्याला आठवेना. कुणी लक्षात ठेवतं का असलं? माणूस घड्याळ बघतो, ऐकत नाही.

आपल्याला थकल्यासारखं कशाने झालंय, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. चालून नव्हे. काही महिन्यांपासूनच हा थकवा होता. लोक बोलायचे तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघत राहायचं, शब्दाचा मधला भाग आपणच भरायचा, चुकीचा भरला तर हसून घालवायचं. नातलगांच्या बैठकीतून उठून तो घरी यायचा ते ओझं वाहून आल्यासारखा. गीताबाई म्हणायची, तुमचं लक्षच नसतंय कशात. म्हणजे हे सगळं तेच होतं तर. इतके दिवस त्याला वाटत होतं, मन उडालंय, मुलगा लांब गेला म्हणून.

आसारामचं पंक्चरचं दुकान स्टँडच्या कोपऱ्यावर, लिंबाच्या झाडाखाली. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, हवेचं मशीन आणि पाण्याने भरलेलं अर्धं पिंप. आसाराम हा गीताबाईचा धाकटा भाऊ. तो पिंपापाशी पाटावर बसला होता, उजवा पाय सरळ पुढे पसरून, कारण तो पाय अठरा वर्षांपासून वाकत नव्हता. रामकिसन बाकड्यावर टेकला आणि सवयीने वर झाडाकडे बघत राहिला. फांद्यांमध्ये चिमण्या होत्या. एक-दोन नव्हे, वीस-पंचवीस. भांडत होत्या. पंख फडफडवत होत्या, एकमेकींच्या अंगावर जात होत्या, चोची उघडत होत्या, मिटत होत्या. आणि काहीही ऐकू येत नव्हतं. गेली तीन वर्षं रामकिसन याच बाकड्यावर बसून सगळ्या स्टँडला सांगत आला होता की गावातल्या चिमण्या संपल्या, ह्या मोबाइलच्या टॉवरने मारल्या. मान हलवून त्याने किती जणांना पटवलं होतं! टॉवर हटवा म्हणून अर्जावर सहीसुद्धा केली होती. रातकिडेही तसेच, ते फवारणीने गेले असं तो म्हणायचा. कुणीच कसं बोललं नाही, की अहो त्या काय वर ओरडतायत? वडीलधारा माणूस म्हणून बोलले नसतील. किंवा तो चिमण्यांविषयी बोलत नसून जमान्याविषयी बोलतोय असं त्यांना वाटलं असेल. त्याला हसू आलं.

"दाजी, चहा सांगू?"

"नगं." रामकिसनने फोन पुढे केला. "आसाराम, हे जरा ऐक."

आसारामने ओले हात पायजम्याला पुसले. "कशाचं हाय? रामेश्वरचं का? मला कावून ऐकिवता? तुमी हायेत की." तरी त्याने फोन घेतला, कानाशी धरला. रामकिसन त्याच्याकडे न बघता पिंपाकडे बघत राहिला. पाण्यात दाबलेल्या ट्यूबमधून बुडबुडे एकामागून एक वर येत होते. हे बरं होतं. इथे खोट डोळ्यांना दिसायची.

"गाडी झ्याक दिसती," आसाराम म्हणाला. "पन ही टिकटिक कशाची?"

आसारामने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, एकदा झाडाकडे, आणि फोन हळूच बाकड्यावर ठेवला.

जुनी गाडी घ्यायला गेल्यावर रामकिसनचा एक नेम असायचा. आवाज ऐकून होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आधी कान, मग पान, असं तो गमतीने म्हणायचा, आणि लोकांना ते पाठ झालं होतं. तो नेम त्याने एकदाच मोडला. अठरा वर्षांपूर्वी आसारामला जीप घ्यायची होती, म्हणून दोघे नगरकडच्या एका मोठ्या बागायतदाराकडे गेले होते. तो माणूस वाड्याबाहेर सामोरा आला. तुमचं नाव लई ऐकून हाय म्हणाला, रामकिसनला त्याने खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजेवर बसला. बोकड आधीच पडलं होतं. आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. रामकिसन जेवला. आग्रह झाला, पुन्हा जेवला. मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने वाढलं होतं. मग त्याने जीप चालवून पाहिली. इंजिन उत्तम. पण वळणावर पुढच्या डाव्या चाकातून एक बारीक गुणगुण आली. एकदाच. बेअरिंग. बागायतदार शेजारी बसून विचारत होता, "काय पाव्हणं, कशीय आमची गाडी?" तोंडाला अजून रश्शाची चव होती. रामकिसन म्हणाला, "चांगली हाय." तीन महिन्यांनी तलवाड्याच्या रस्त्यावर ते चाक निखळलं. आतली माणसं खरचटण्यावर सुटली आणि आसारामचा गुडघा जीपखाली गेला. दैव, असं सगळे म्हणाले. आसारामही तेच म्हणाला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून रामकिसनने मनाशी ठरवलं, मला ऐकूच आलं नव्हतं. मग रोज ठरवलं. ठरवता ठरवता ते इतकं घट्ट झालं की पुढे पुढे ती गुणगुण आठवायलाही जोर करावा लागायचा. आज ती आपण होऊन आली. जगातले सगळे बारीक आवाज गेले आणि ही एकटी राहिली, याचा त्याला राग आला.

"आसाराम," तो म्हणाला, "ती नगरची जीप."

"तिचं काय?"

"तवा मला..."

"म्हाईत हाय," आसाराम म्हणाला. त्याने ट्यूब पाण्यातून काढली, बुडबुड्यांच्या जागी खिळ्याने खूण केली. "मी त्या दिशी गाडीकडं बघतच नव्हतो दाजी. मला काय कळतंय गाडीतलं? मी मागं बसून आरशातून तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो. वळनावर तुमच्या कपाळाला आठी पडली. मग तुमी म्हनले, चांगली हाय."

"मग घेतलीस कावून?"

"तुमी म्हनले म्हून." हे त्याने अगदी साधं सांगितलं. "मला वाटलं, दाजी इचार करून बोलले असतील. आन आक्काचा मालक हाय, तुमच्यावर शंका कशी घ्यायची? जाऊ द्या. झालं ते झालं."

"मला शिव्या तरी द्यायच्या."

"आन आक्कानं कुठं तोंड दाखवायचं?" आसारामने ट्यूबवर कानस घासायला घेतली. तो आवाज ऐकू येत होता, खरखरीत, जाड. मग मान खाली ठेवूनच आसाराम म्हणाला, "दाजी, तवा ऐकू आलतं तरी बोलले न्हाईत. आता ऐकूच येत न्हाई, तर तेवढं तरी बोला. पोरीचे दिवस भरत आले हायेत." एक मोटारसायकलवाला हवा भरायला आला आणि आसाराम बाकड्याचा आधार घेऊन उठला.

दुपारभर रामकिसन घरात पडून होता. गीताबाईने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला. छताच्या पंख्याकडे बघत तो हिशेब लावत होता की 'हो' म्हटलं तर काय होईल. कदाचित काहीच होणार नाही. टिकटिक असते कधी कधी थंड इंजिनाची, तेल वर चढलं की बसते. अशा शंभर गाड्या त्याने पाहिल्या होत्या. आणि कदाचित ती चेन असेल. मग एखाद्या पहाटे बर्फात, रस्त्याच्या मधोमध, मागे रोहिणी कळा देत असताना इंजिन एकदम गप्प होईल. आणि रामेश्वर? रामेश्वर म्हणेल, दैव. रामेश्वरही त्याला शिव्या देणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. मग 'नको' म्हणून मोकळं व्हावं का? नुसतं, गाडी चांगली नाही. कारण विचारलं तर सांगायचं, टिकटिक वाजतेय. गीताबाईचा कान आपला म्हणून खपवायचा. खपलंही असतं. पण मग रामेश्वर पुढची गाडी पाठवणार, तिच्यापुढची पाठवणार, आणि दर वेळी आपण गीताबाई भाकऱ्या करायला बसण्याची वाट बघत, आवाज मोठा करून, चोरासारखं विचारायचं, तुला कसं वाटतंय गं? हे चित्र त्याला इतकं केविलवाणं वाटलं की तो कुशीवर वळला. खरं तर त्याला एवढंच हवं होतं की मुलाने त्याला विचारत राहावं. बाकी त्याच्याकडे होतं काय मुलाला द्यायला? शेत नाही, नाव नाही, तिकडच्या भाषेतला एक शब्द नाही. एक कान होता.

दिवेलागणीला दोघे ओट्यावर असताना फोन वाजला. वाजला म्हणजे थरथरला. वाजतोय हे गीताबाईने सांगितलं. पडद्यावर रामेश्वर टोपी घालून उभा होता, मागे रोहिणी भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटावर. खिडकीबाहेर निळसर अंधार.

"नाना, ऐकली का? मी मालकाकडं निघालोय."

"ऐकली."

"मग? घ्यायची ना?"

"रामेश्वर," तो म्हणाला, "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. त्या गाडीत टिकटिक हाय म्हन. तुझी आई म्हनती, मामा बी म्हनतो. मला न्हाई आली ऐकू. मी हो म्हनलो तर ते खरं नसंल, आन न्हाई म्हनलो तर ते बी माझं नसंल."

पडदा थांबल्यासारखा झाला. नेटवर्क गेलं असं वाटून रामकिसनने फोन हलवला, पण मागे रोहिणीचा हात पोटावरून फिरत होता, म्हणजे चित्र चालू होतं.

"कवापासून?" रामेश्वरने विचारलं.

"मला काय म्हाईत. चिमण्या गेल्या तवापासून."

रामेश्वरला ते कळलं नसावं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. मग फोन तोंडाच्या अगदी जवळ आणला आणि ओरडून, एकेक शब्द तोडून म्हणाला, "बरं, बरं, नाना! काय, हरकत, न्हाई! ती, ऱ्हाऊ, द्या! जेवलात, का?"

आवाज अख्ख्या ओट्यावर घुमला. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं. रामेश्वरचा आवाज मुळातच जाड, बापासारखा, आणि तो रामकिसनला आधीच्या साध्या बोलण्यातही पुरता ऐकू येत होता, शेवटच्या श्वासापर्यंत. ओरडू नको, एवढं ऐकू येतं मला, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण मुलगा इतक्या काळजीने ओरडत होता. आता तो दर वेळी असाच ओरडणार होता, आणि गाडीचं काही विचारणार नव्हता, नुसतं जेवण विचारणार होता. "जेवलो," रामकिसन म्हणाला. तो जेवला नव्हता.

"आईला, द्या, फोन!"

गीताबाईने पदराला हात पुसले. रामेश्वर तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलला, भराभर: तिसरी सोडतो, आता त्या पांढऱ्या गाडीचा आवाज पाठवलाय, तो तू ऐक आई, काही वाजतंय का सांग. "मला काय कळतंय बाबा त्यातलं?" असं म्हणत तिने फोन नवऱ्यापुढे धरला, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं तसा हात अर्ध्यात थांबला. तिचे डोळे भरले. रामकिसनने तिचा हात धरून फोन तिच्याच कानाकडे नेला.

"कळायचं काय न्हाई त्यात," तो म्हणाला. "डोळे मिट. मोठा आवाज सोडून दे, त्याच्या मागं काय हाय ते ऐक. आन काय बी आलं ऐकू, तर तोंडातल्या तोंडात ठिवू नगंस. लगीच सांग."

त्याने व्हिडिओ लावून दिला. गाडीची घरघर सुरू झाली, ती त्यालाही येत होती. गीताबाईने डोळे मिटले. रामकिसन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या कपाळाला कुठे आठी पडते का, ते बघत राहिला.